एका चेंडूच्या दोघी

"पण मग दोघी मिळून हरतो कशा, माई? तेवढंच सांगा."

माई वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"एकटी खेळलीस की?"

"जिंकते."

"नेहमी?"

"बहुतेक वेळा. माझ्याइतका लांब चेंडू मारणारी राज्यात दुसरी नाही. मी नाही म्हणत हे, पेपरात येतं."

"आणि दोघी मिळून खेळलात की?"

"हरतो."

"दुसरी वाईट खेळते का?"

शाल्मली थांबली...

"वाईट नाही. बरी खेळते. पण माझ्याबरोबर आली की बिघडते."

"हे नवलच," माई म्हणाल्या, आणि हातातली वात त्यांनी तबकात ठेवली.

नीरेच्या काठी आनंदीमाईंचा लहानसा मठ आहे. त्या दिवशी तिथे नामसप्ताह चालू होता. सभामंडपात वीणा सुरू होती, तिच्या मागे टाळ, आणि सगळ्यांवर तरंगत असलेलं रामकृष्णहरी. शाल्मली बिवलकर ओसरीवर माईंसमोर बसली होती. गोल्फ खेळणारी मुलगी. चांगली उंच, खांद्यात भरलेली, उन्हाने रापलेली. तिची आई इंदुमती मठाची जुनी भक्त. आईनेच तिला पाठवलं होतं. "माईंना विचार," एवढंच म्हणाली होती. काय विचार, ते काही सांगितलं नव्हतं.

"मला आधी तो खेळ सांग," माई म्हणाल्या. "एकदा गाडीतून जाताना पाहिला होता. एवढं मोठं हिरवंगार कुरण, आणि गाय एकही नाही. मला वाईट वाटलं."

शाल्मली हसली. मग तिने सांगितलं. लांबवर जमिनीत एक लहानसं भोक असतं. काठीने चेंडू मारत मारत त्यात घालवायचा. ज्याला कमी फटके लागतील तो जिंकला.

"आणि दोघींचा खेळ?"

"तो राज्याराज्यांच्या स्पर्धेत असतो. संघ असतो आमचा. काही सामने एकेकटीचे, काही जोडीचे, आणि शेवटी सगळे गुण एकत्र. जोडीत चेंडू एकच. एक फटका मी मारायचा, पुढचा तिने, मग परत मी."

"चेंडू दोघींत एकच?"

"एकच."

"आणि तू मारलेला जिथे पडेल तिथूनच तिने मारायचा?"

"तिथूनच."

"दगडात पडला तर? जरा उचलून बऱ्या जागी ठेवायचा नाही?"

"नाही माई. हात लावायचा नाही."

"अगं बाई. कडक व्रत आहे की."

माईंना ते फार आवडलेलं दिसलं. त्यांनी कापसाचा नवा पेळू घेतला.

"मग मागच्या वेळी काय झालं?"

शाल्मलीचा चेहरा उतरला.

"सगळं बरोबरीत होतं. आमच्या दोघींच्या शेवटच्या भोकावर सगळा निकाल. मी असा मारला माई, असा मारला... लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. थेट भोकाभोवतीच्या हिरवळीच्या तोंडाशी. मध्ये एक वाळूचा खड्डा, त्याच्या अलीकडे. आता फक्त एवढासा उचलून पलीकडे ठेवायचा होता. हेमाताईंनी तो वाळूत घातला."

"हेमाताई म्हणजे तुझी जोडीदार?"

"हो, हेमांगी साळवी. वीज कंपनीत नोकरी करतात. माझ्यापेक्षा पुष्कळ मोठ्या आहेत. घर, नोकरी, सासूबाईंचं आजारपण, सगळं सांभाळून खेळतात. कितीतरी वर्षं वाट पाहिल्यावर त्यांना संघात जागा मिळाली."

"वाळूत गेल्यावर काय म्हणाली ती?"

"सॉरी म्हणाल्या."

"आणि तू?"

"मी काही नाही म्हणाले. मी पुढे चालायला लागले."

आतून टाळ ऐकू येत राहिले...

"आता पुन्हा स्पर्धा आली," शाल्मली म्हणाली. "आमच्या कप्तान पेरीनबाई म्हणतात, आज संध्याकाळपर्यंत सांग. हेमाताई नको असतील तर दुसरी देते. पण मग हेमाताई संघातच राहत नाहीत. त्यांना जोडीसाठीच घेतलंय."

"म्हणजे तू नाही म्हणालीस की ती घरी."

"हो. आणि हो म्हणाले तर पुन्हा हरू. या वेळी देशाच्या संघाची निवड करणारी माणसं येणार आहेत. मला बघायला." ती जरा थांबली. "वाईट वाटतं हो. पण खेळात दया दाखवून कसं चालेल?"

"दया नकोच," माई म्हणाल्या. "दयेने खेळ बिघडतो."

शाल्मलीने चमकून पाहिलं. तिला वाटलं होतं, माई उलटं बोलतील.

"मग नाही सांगू?"

तेवढ्यात आतून एक बाई घाईघाईने आल्या. पुढचा वीणेचा पहारा जिचा होता तिची बस वाटेत बंद पडली होती. आता कोण उभं राहणार? सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, थांबूही द्यायची नसते. एकीच्या गळ्यातून निघायच्या आधी ती दुसरीच्या गळ्यात जायला हवी.

माईंनी शाल्मलीकडे पाहिलं.

"येतं तुला?"

"लहानपणी आईबरोबर उभी राहिलेय. येतं की!"

"मग हातपाय धुऊन घे."

"पण माई, माझ्या प्रश्नाचं..."

"तो कुठे पळून जातोय?"

शाल्मलीने बूट ओसरीखाली काढले, हातपाय धुतले, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि आत गेली. जिचा पहारा संपत आला होता तिने वीणेचा कापडी पट्टा हिच्या गळ्यात घातला आणि मगच स्वतःचं डोकं बाहेर काढलं. दोघी एकमेकींच्या पाया पडल्या. पट्टा शाल्मलीला आखूड होत होता. वीणेचा भोपळा बरगडीला लागायला लागला. त्या बाईंनी एका हाताने भोपळा खालून धरला, दुसऱ्याने तार चालू ठेवली, शाल्मलीने पट्टा सैल करून आपल्या उंचीला बरोबर घेतला आणि वर गाठ मारली. गोल्फच्या काठ्यांच्या पिशव्या खांद्यावरून वाहणाऱ्यांची गाठ ती. एकदा बसली की बसली.

मग ती उभी राहिली.

खरंच, बघण्यासारखी उभी राहिली. पाय जमिनीत रोवलेले, पाठ ताठ, मान स्थिर. बोट तारेवर एकसारखं पडत होतं. नामाची लय तिने थोडी चढी धरली. टाळवाल्या बायकांना धावावं लागलं, पण त्यांनाही मजा आली. दर्शनाला आलेल्या बायका जाता जाता थबकायला लागल्या.

"कुणाची गं ही?"

"इंदूची लेक. ती खेळणारी."

"काय उभी आहे! समईसारखी."

शाल्मलीने ते ऐकलं. तिची पाठ आणखी ताठ झाली.

वेळ संपली तशी पुढची बाई समोर आली. द्वारकामावशी. ठेंगण्या, पाठीत वाकलेल्या, आणि चेहरा असा की आत्ताच काहीतरी गंमत ऐकून आल्यासारखा.

"दे गं बाई माझं बाळ," त्या म्हणाल्या.

शाल्मलीने पट्टा त्यांच्या गळ्यात घातला. आपलं डोकं बाहेर काढलं. वाकून नमस्कार केला. मान वर करून पाहते तर काय... वीणेचा भोपळा मावशींच्या गुडघ्यांशी लोंबत होता.

मावशी तारेपर्यंत बोट न्यायला वाकल्या. आधीच वाकलेल्या, त्यात आणखी वाकल्या. ओझ्याने मान पुढे ओढली गेली. "राम" निघालं, "कृष्ण" अर्धं निघालं, "हरी" घशातच राहिलं.

वीणा थांबली.

क्षणभरच. पण मंडपातल्या सगळ्यांना ते ऐकू आलं. टाळ अधांतरी राहिले.

"मावशी, जरा वर धरा ना," शाल्मली कुजबुजली.

"कशानं धरू गं? एक हात तारेवर, एका हातात चिपळ्या. तिसरा तू दे."

टाळवाल्या बायका हसल्या. शाल्मली नाही हसली. ती झटकन खाली बसली, गुडघ्यांवर, आणि दोन्ही तळव्यांनी भोपळा खालून उचलून धरला. मावशींचं बोट तारेला लागलं. नाम पुन्हा सुरू झालं.

आता हिला उठता येईना. भोपळा सोडला की वीणा खाली जायची. गाठ सोडायची तर हात मोकळा नाही. शेवटी तिने भोपळा एका हाताच्या कोपरात घेतला आणि दुसऱ्या हाताच्या नखांनी गाठीशी झटायला लागली. घामाने गाठ आणखी आवळली होती. एक नख तुटलं.

आणि तशी खाली बसल्यावर, वर पाहताना, तिला मावशी दिसल्या.

मावशी पहिल्या बोटाने तार छेडतच नव्हत्या. ते बोट वाकडं होतं, कधीचं मोडलेलं असावं. त्या मधल्या बोटाने छेडत होत्या. दर "हरी"नंतर त्या एक श्वास घेत, आणि तेवढ्या श्वासात तार हळू वाजे. मघाच्या चढ्या लयीत हा श्वास कुठे बसला असता? शाल्मली बघत राहिली. कुणी दुसरं कसं उभं राहतं हे तिने आजवर कधी बघितलंच नव्हतं. आपली पाळी झाली की झालं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "कुठे आणू?"

मावशींनी नाम न सोडता भुवया वर केल्या.

"एवढा?"

मान हलली. नाही. अजून वर.

"एवढा?"

अजून.

शाल्मलीने मनाशी धरलं होतं त्यापेक्षा पुष्कळच वर आला भोपळा, पार छातीजवळ. तिथे मावशींनी डोळे मिटले. म्हणजे आता बरोबर.

गाठ एकदाची सुटली. शाल्मलीने पट्टा त्या मापाला बांधला, या वेळी साधी, एका ओढीत सुटणारी गाठ. मग ती मागे सरकली आणि हळूच उठली.

ओसरीवर माई तशाच वाती वळत बसल्या होत्या. शाल्मली शेजारी येऊन टेकली. तुटलेलं नख बघत राहिली...

"माई, मध्ये वीणा थांबली."

"ऐकलं मी."

"माझ्यामुळे थांबली."

"हं."

"सप्ताह खंडला का हो?"

माईंनी गाभाऱ्याकडे पाहिलं. "विचारते त्याला. रागावलेला तरी दिसत नाही."

शाल्मलीने पिशवीतून फोन काढला. हातात नुसता धरून बसली. मग लावला.

"हेमाताई, मी शाल्मली."

"बोल." पलीकडचा आवाज सावध होता. "संघातून नाव काढलं का माझं?"

"नाही, नाही. एक विचारायचं होतं. माझा चेंडू कुठे पडला की तुम्हाला सोपं जातं?"

पलीकडे कुकरची शिटी ऐकू आली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे मी मारल्यावर पुढचा तुम्ही मारता ना. तो तुम्हाला कुठून मारायला आवडतो?"

"बरी आहेस ना गं तू? कुठे आहेस?"

"मठात."

"मग ठीक आहे," हेमांगी म्हणाली. कुणालातरी गॅस बारीक करायला सांगून ती परत आली. "सांगू? रागावू नकोस हं. सपाट जागा हवी. आणि... जरा मागे. तू फार जवळ नेऊन ठेवतेस. तिथून अर्धाच हात फिरवायचा असतो. तो मला जमत नाही, आधीपासूनच जमत नाही. मागून पूर्ण हात फिरवू दिलास ना, तर मी चेंडू कुठे म्हणशील तिथे टाकीन."

"किती मागे?"

हेमांगीने सांगितलं. शाल्मलीने डोळे मिटून ते मैदान मनात आणलं. त्या जागी चेंडू ठेवायचा तर तिला मोठी काठी पिशवीतच ठेवावी लागणार होती. निम्म्या जोराने मारावा लागणार होता.

"हेमाताई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"कधी सांगणार? तू पुढे चालायला लागतेस गं."

शाल्मलीने फोन मांडीवर ठेवला. समोर सारवलेल्या अंगणात चिमण्या प्रसादाच्या राजगिऱ्याचे सांडलेले दाणे टिपत होत्या.

"माई, म्हणजे जो फटका फक्त मलाच येतो, तोच मी मारायचा नाही?"

माईंनी नवा पेळू घेतला.

"बघायला येणारी माणसं त्या फटक्यासाठीच येणार आहेत. त्यांना वाटेल, हिचा जोर गेला. पेपरात काय येईल? बिवलकरचा चेंडू यंदा मागे पडला."

माईंनी आणखी एक वात तबकात ठेवली.

"टाळ्या हेमाताईंना पडतील."

"पडतील का?" माईंनी कुतूहलाने विचारलं. "खरंच?"

"त्या जागेवरून? त्या चुकतच नाहीत तिथून. मी कितीदा पाहिलंय सरावात..."

ती बोलता बोलता थांबली. आपणच काय बोललो ते ऐकत असल्यासारखी.

मग तिने पेरीनबाईंना फोन लावला.

"बाई, जोडी तीच. हेमाताई आणि मी."

"खात्री आहे ना, डीकरा?" पेरीनबाईंचा आवाज ओसरीभर ऐकू आला. "मागच्या वेळचं आठवतं ना? आणि यंदा मोठी मंडळी येणार, तुला बघायला."

"आठवतं. बाई, या वेळी माझा खेळ जरा वेगळा दिसेल. घाबरू नका."

"वेगळा म्हणजे वाईट?"

"माहीत नाही हो," शाल्मली म्हणाली, आणि तिला हसू आलं. "बघू या. मलाही बघायचंय."

फोन पिशवीत गेला. ऊन खांबावरून उतरून पायरीवर आलं होतं. स्वयंपाकघरातून भगरीचा आणि शेंगदाण्याच्या आमटीचा वास येत होता. माईंचं तबक वातींनी भरत आलं होतं. सगळ्या वाती सारख्या, कुठलीही उचलून निरांजनात घालावी अशा.

शाल्मलीने बूट हातात घेतले. पायरीवर थांबली. मग परत वळून माईंच्या पाया पडली.

"येते मी."

"जेवून जा."

"आज सराव आहे. हेमाताई घरातून सुटल्या की येतील. दोघीच." ती जायला निघाली, पण पाऊल पुढे पडेना. आतली गोष्ट ओठांवर आलीच. "माई, एक विचारू? आत बायका म्हणत होत्या, समईसारखी उभी होती. मावशींच्या वेळी चुकलं ते चुकलं. पण त्याच्या आधी... माझा पहारा? तुम्ही काहीच बोलला नाहीत. कसा झाला माझा पहारा?"

माईंचे हात थांबले. त्यांनी मान जराशी कलती करून मंडपाकडे कान दिला. आत नाम सावकाश चाललं होतं. रामकृष्णहरी, मग एक श्वास. रामकृष्णहरी, मग एक श्वास...

"आत्ताच कसं सांगू, बाळ?" माई म्हणाल्या. "द्वारका अजून उभी आहे."